काच कोणाच्या बाजूची?

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'पारदर्शकता' एवढाच छापला आहे. त्यामुळे कारभाराबद्दल काही ऐकायला मिळेल म्हणून कोणी आलं असेल, तर त्यांची थोडी निराशा होईल. आम्ही बोलणार आहोत ते कागदाबद्दल, काचेबद्दल, आणि मुख्यतः अमेरिकेतल्या एका घराबद्दल. त्या घराच्या बाहेरच्या चारी भिंती काचेच्या आहेत. स्थापत्याच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात त्याचा फोटो असतो. आमचं म्हणणं असं की त्या फोटोवर आणि त्यामागच्या एका प्रसिद्ध सिद्धांतावर आपण जरा जास्तच विश्वास ठेवला.

पण सुरुवात भज्यांपासून करू.

भजी ज्या कागदात बांधून मिळतात, त्या कागदावर तेलाचे डाग पडतात. तो कागद उजेडाकडे धरून बघा. डाग जिथे आहे तिथून उजेड जास्त येतो, कागद टेबलावर नीट दाबला तर खालची अक्षरंही वाचता येतात. हे असं का होतं? तेलाने कागद काही पातळ होत नाही. उलट त्यात भर पडते. आता, कागद म्हणजे तंतूंचा गुंता आणि त्या गुंत्यात अडकलेली हवा. प्रकाश तंतूतून हवेत येतो, हवेतून पुन्हा तंतूत शिरतो, आणि प्रत्येक वेळी थोडा वाकतो, थोडा मागे फिरतो. असं असंख्य वेळा झालं की तो सगळीकडे विखुरतो आणि कागद आपल्याला पांढरा, अपारदर्शक दिसतो. तेलाचा अपवर्तनांक तंतूंच्या अपवर्तनांकाच्या बराच जवळ असतो. हवेच्या जागी तेल आलं की प्रकाशाला एका प्रदेशातून दुसऱ्यात गेल्याचं फारसं जाणवतच नाही. तो सरळ पुढे येतो.

दुसरं उदाहरण देवघरातलं. खडीसाखरेचा चांगला खडा घ्या, त्यातून पलीकडचं दिसतं. तोच खडा खलबत्त्यात कुटा, पांढरी भुकटी होते. साखर तीच, एक कणसुद्धा बदललेला नाही. बदलली ती मांडणी. एका सलग खड्याच्या जागी लाखो कण आणि त्यांच्या मधली हवा आली. काचेचंही तसंच. काच कुटली की पांढरी पूड होते. काच पारदर्शक असते त्याची कारणं दोन: दृश्य प्रकाश शोषून घेईल अशी सोय तिच्या इलेक्ट्रॉनांकडे नसते, आणि तिच्या अंतरंगात प्रकाश अडखळेल अशा सीमा नसतात. यातलं पहिलं कारणही 'दृश्य' या शब्दाला बांधलेलं आहे, बरं का. उष्णतेचे जे लांब लहरींचे अवरक्त किरण असतात, त्यांना खिडकीची साधी काच जवळजवळ अपारदर्शक असते. उलट उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात जर्मेनियमचं भिंग असतं, ते डोळ्याला धातूच्या तुकड्यासारखं दिसतं, आणि अवरक्त किरणांना मात्र ते काचेसारखं स्वच्छ. तेव्हा 'ही वस्तू पारदर्शक आहे' हे वाक्य खरं म्हणजे अर्धवट आहे. कशाला पारदर्शक, ते सांगायचं राहून जातं.

हे सगळं आठवीच्या विज्ञानासारखं वाटत असेल. पण ज्या लेखाशी आम्हाला आज भांडायचं आहे, त्याचा पाया नेमका इथेच ठिसूळ आहे.

तो लेख कॉलिन रो आणि रॉबर्ट स्लट्स्की या दोघांचा. १९५५-५६च्या सुमाराला लिहिलेला, आणि १९६३ साली येल विद्यापीठाच्या 'पर्स्पेक्टा' या नियतकालिकात छापलेला. स्थापत्याचे विद्यार्थी आजही तो वाचतात, वाचलाच पाहिजे. पार्श्वभूमी अशी: सिगफ्रीड गिडिऑन या इतिहासकाराने १९४१च्या आपल्या ग्रंथात वॉल्टर ग्रोपियसच्या देसाऊ इथल्या बाउहाउस इमारतीचा फोटो पिकासोच्या एका चित्राशेजारी ठेवला होता. काचेच्या कोपऱ्यातून आतलं आणि बाहेरचं एकदम दिसतं, तसंच क्युबिस्ट चित्रात एकाच वस्तूच्या अनेक बाजू एकदम दिसतात, अशी ती तुलना. रो आणि स्लट्स्की म्हणाले, थांबा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक शब्दशः पारदर्शकता: काचेच्या भिंतीसारखी, पदार्थाच्या अंगभूत गुणातून येणारी. दुसरी भासमान पारदर्शकता: रचनेतून येणारी, जिथे एकामागे एक पातळ्या आहेत असं आपण वाचतो, कुठली पुढे कुठली मागे याचा निकाल लागत नाही, आणि त्या अनिश्चिततेतच गंमत असते. बाउहाउस पहिल्या प्रकारचं, आणि ल कॉर्बुझिएचा गार्श इथला बंगला दुसऱ्या प्रकारचा. लेखकांचा कल कुणीकडे आहे हे लपत नाही. काच त्यांना सोपी, जवळजवळ बाळबोध वाटते. खरं काम बुद्धी करते ते दुसऱ्या प्रकारात.

गार्शच्या बंगल्याबद्दल त्यांनी जे लिहिलं आहे ते फार सुंदर आहे. दर्शनी भिंतीतल्या आडव्या खिडक्यांवरून मागच्या पातळ्यांचा अंदाज घेत घेत ते जे आत शिरतात, तसं इमारत वाचायला आम्ही अजून शिकतोच आहोत. पण त्या वाचनासाठी त्यांना समोर एक मूर्ख प्रतिस्पर्धी हवा होता, तो त्यांनी काचेला केलं. आणि तिथे चूक झाली. खडीसाखर आणि तिची पूड यांच्यात पदार्थ एकच आहे, तर त्यातला फरक पदार्थाचा अंगभूत गुण कसा म्हणायचा? तोही रचनेचाच गुण. म्हणजे ज्या कसोटीवर त्यांनी दोन प्रकार वेगळे केले, त्या कसोटीवर ते वेगळे होत नाहीत. 'शब्दशः पारदर्शकता' नावाची साधी, बिनगुंत्याची गोष्ट मुळात नाहीच.

पण हे झालं पदार्थाच्या पोटातलं. पदार्थाच्या बाहेर गेलं तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं.

रात्रीच्या एसटीने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना माहीत असेल, गाडी गावाबाहेर पडली की ड्रायव्हर आतले दिवे बंद करायला लावतो. कारण दिवे चालू असले तर समोरच्या काचेत त्याला रस्त्याऐवजी प्रवाशांची डोकी दिसतात. काच तीच, मिनिटापूर्वीची. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, दोन्ही मिळून साधारण ८. दिवसा बाहेरून इतका उजेड येत असतो की हे ८ टक्के कुणाच्या लक्षात येत नाहीत. रात्री बाहेर अंधार असला की तेवढेच उरतात, आणि काचेचा आरसा होतो. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र उलटा अनुभव येतो. त्याला आतलं सगळं लख्ख दिसतं.

त्यासाठी काचेचीसुद्धा गरज नाही. जुन्या घरांतून चिकाचे पडदे असायचे, बांबूच्या काड्यांचे. काडी पूर्ण अपारदर्शक. तरी भर दुपारी आतल्या अंधाऱ्या खोलीतल्या बाईला रस्त्यावरचं सगळं दिसायचं आणि रस्त्यावरच्याला आतलं काहीच नाही. दिवेलागण झाली की हिशोब उलटा, म्हणून तेव्हा आतून दार लोटून घ्यायचं. चिकाचं कौतुक करायचा आमचा हेतू नाही, तो पडदा बायकांना आत ठेवण्यासाठीच होता. पण उजेडाची बाजू कोणती आणि आपण कोणत्या बाजूला, यावर कोण कोणाला बघेल हे ठरतं, हे त्या घरांना पक्कं ठाऊक होतं. काच आल्यावर आपण ते विसरलो.

आता ते घर.

एडिथ फार्न्सवर्थ या शिकागोच्या डॉक्टर, मूत्रपिंडाच्या विकारांच्या तज्ज्ञ. शहराबाहेर प्लेनो या गावाजवळ फॉक्स नदीच्या काठी त्यांनी जागा घेतली होती. शनिवार-रविवार राहण्यापुरतं घर हवं होतं. १९४५ साली त्यांची मीस व्हॅन डर रोह यांच्याशी ओळख झाली, आणि १९५१ साली घर पुरं झालं. आठ पांढरे पोलादी खांब. त्यांच्यात धरलेले दोन सपाट थर, एक छत, एक जमीन. नदीला पूर येतो म्हणून ही जमीन मातीपासून दीडएक मीटर वर उचललेली. मध्ये एक लाकडी गाभा, त्यात दोन न्हाणीघरं, स्वयंपाकाचा ओटा आणि शेकोटी. बाकी चारी बाजूंनी काच. उघडता येतील अशा छोट्या खिडक्या फक्त दोन, त्याही एका टोकाला. फोटो तुम्ही पाहिलेच असतील: दिवसाउजेडी काढलेले, बाहेरून, आणि आत कोणी नाही. मोठमोठे वृक्ष, हिरवळ, आणि मध्ये जवळजवळ नसलेलं एक घर.

ते देखणं आहे, त्यात वाद नाही. आपण टीका करतो तेव्हा समोरची गोष्ट किती चांगली आहे हे आधी मान्य करायला हवं, नाहीतर टीकेला वजन राहत नाही. पोलादाचे जोड इतके साफ घासलेले की वस्तू जोडली आहे की ओतली आहे कळू नये. जमिनीचा थर ओटीवरून आत शिरताना काचेखाली थांबत नाही, आपण आत आलो हे पायाला कळतच नाही. दिवसा, त्या घरात बसून, बाहेर बघणाऱ्याला ते घर जे देतं ते दुसरं कुठलंही घर देत नाही.

पण घरात रात्रही होते. आणि घरात माणूस राहतो.

१९५३ साली एका गृहसजावटीच्या मासिकाला फार्न्सवर्थ यांनी मुलाखत दिली. त्यातला एक तपशील आमच्या डोक्यातून जात नाही. त्या म्हणाल्या की मी सिंकखाली कचऱ्याचा डबा ठेवत नाही. कारण घराकडे येणाऱ्या रस्त्यावरून ओटा पूर्ण दिसतो, आणि डब्याने सगळ्या घराची शोभा जाईल. म्हणून तो पुढे कपाटात लपवावा लागतो. घर एक्स-रेसारखं आरपार आहे, असंही त्यांनी म्हटलं. डॉक्टर बाईंच्या तोंडची ही उपमा आहे. एक्स-रेच्या फिल्ममध्ये कोणाला काय दिसतं आणि कोणाचं दिसतं, हे त्यांना आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळत होतं.

त्या डब्याकडे नीट बघू. काचेच्या घराबद्दल दावा असा केला जातो की तिथे लपवाछपवीला जागा नाही. प्रत्यक्षात काय झालं? कचरा नाहीसा झाला नाही, एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेला. दिसणार हे ठाऊक असलं की माणूस दिसण्याजोगं मांडतो. पारदर्शक कारभाराबद्दल ऐकायला आलेल्या मंडळींसाठी एवढंच, बाकी त्यांचं ते बघतील.

यावर घराच्या चाहत्यांचं एक उत्तर ठरलेलं असतं: पडदे होते की. होते. पण काचेच्या पेटीला पडदा ओढला की आत जे उरतं तो कापडाचा तंबू. म्हणजे राहणारीला निवड एवढीच, की दुकानाच्या शोकेसमध्ये राहायचं की तंबूत. भिंतीच्या घरात आपण दिवसभर न कळत शंभर लहान निवडी करत असतो, हे दार लोट, ती खिडकी अर्धी उघड, इथे बसलं तर रस्त्यावरून दिसत नाही. त्या सगळ्या इथे एका दोरीवर आल्या.

आणि काच उन्हाळ्यात काय करते ते मघाशी पाहिलंच. ऊन आत येऊ देते, तापलेल्या वस्तूंमधून निघालेली उष्णता तितक्या सहज बाहेर सोडत नाही. हिवाळ्यात त्याच एकेरी काचेवर आतून पाणी जमायचं. नदीकाठचे डास होतेच, म्हणून ओटीला जाळी लावली गेली. जाळीमुळे घराची पारदर्शकता बिघडली, असं पुढे कित्येकांनी हळहळत लिहिलं आहे. डास चावले त्यांचं मत त्यात नोंदलेलं नाही.

खर्च अंदाजापेक्षा बराच वाढला होता. मीस यांनी पैशासाठी दावा लावला, फार्न्सवर्थ यांनी उलट दावा लावला, आणि शेवटी तडजोड झाली. पण मुलाखतीचं जे झालं ते जास्त वाईट. त्या मासिकाच्या संपादिका एलिझाबेथ गॉर्डन यांनी आधीच्या महिन्यात आधुनिक स्थापत्यावर एक घणाघाती लेख लिहिला होता. ही परक्यांनी आणलेली, हुकूमशाहीकडे नेणारी घरं आहेत, अमेरिकन कुटुंबाला धोका आहे, असा त्याचा सूर. शीतयुद्धाचे दिवस होते. फार्न्सवर्थ यांची तक्रार त्या तोफखान्यात दारूगोळा म्हणून भरली गेली. मग मीस यांच्या बाजूच्या लोकांना ती ऐकायची गरजच उरली नाही. प्रतिगामी प्रचार म्हणून एका बाजूने सोडून दिली, आणि दुसऱ्या बाजूने बाईंचा प्रेमभंग झाला असेल अशी कुजबुज सुरू केली. कचऱ्याच्या डब्याबद्दलचा एक अचूक, तांत्रिक म्हणावा असा मुद्दा असा दोन्हीकडून हरवला. समीक्षेने तो उचलायला हवा होता. ते काम रो आणि स्लट्स्की यांच्यासारख्या बारीक नजरेच्या लोकांचं होतं. पण काच ही त्यांच्या लेखी सोपी गोष्ट ठरली होती. आणि सोप्या गोष्टीत राहणाऱ्या माणसाला कोण विचारतो?

शेजारी एक उदाहरण ठेवतो, म्हणजे हा केवळ एका घराचा दोष वाटायला नको. फिलिप जॉन्सन यांनी १९४९ साली न्यू केनन इथे स्वतःसाठी काचेचं घर बांधलं, मीस यांच्या आराखड्यावरून स्फूर्ती घेऊनच. रात्री त्यांनाही काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसू लागलं. मग रिचर्ड केली या प्रकाशयोजनाकाराला बोलावलं. त्याने घरातला उजेड कमी केला आणि बाहेरच्या झाडांवर दिवे सोडले, तेव्हा कुठे काच पुन्हा काच झाली. म्हणजे रात्रीची पारदर्शकता हवी तर अख्खी बाग उजळावी लागते, आणि ती बाग आपली असावी लागते. जॉन्सन यांच्याकडे आणखी एक सोय होती. समोरच त्यांनी विटांचं एक घर बांधलं होतं, बंद भिंतींचं. डॉक्टर फार्न्सवर्थ यांच्याकडे विटांचं घर नव्हतं.

आता जरा घराजवळ येऊ. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. लाकडी चौकटीत लहान लहान चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात काचेच्या जागी शिंपल्याचं पातळ तावदान. समुद्रातला एक चपटा शिंपला असतो, त्याचं कवच घासून कापून ते बसवतात. दुपारी त्या खोलीत बसलं तर उजेड भरपूर, दुधाळ, डोळ्यांना न टोचणारा. पण बाहेरचं झाड दिसत नाही आणि बाहेरच्याला आपण दिसत नाही. प्रकाश येतो, चित्र येत नाही.

शाळेत आपण याला 'अर्धपारदर्शक' म्हणायला शिकलो. आमचं या शब्दाशी वैर आहे. अर्ध म्हटलं की ती पूर्ण पारदर्शक होऊ न शकलेली, परीक्षेत पन्नास टक्के मिळालेली काच वाटते. पण शिंपला अर्धवट काही करत नाही. उजेड देणं आणि दृश्य देणं ही दोन निराळी कामं आहेत, त्यातलं एक तो करतो आणि दुसऱ्याला साफ नकार देतो. 'पारभासी' हा शब्द बरा आहे, तो वापरात यायला हवा. आणि 'पारदर्शक'मधला 'दर्शक' तरी कोण? दाखवणारा तो दर्शक, आणि बघणारा तोही दर्शकच. आमच्या भाषेने हा घोटाळा शब्दातच जपून ठेवला आहे, तो उगाच निस्तरू नये असं आम्हाला वाटतं.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला उभं राहून बघा. दुपारभर त्या इमारती आकाश दाखवत असतात, आत कोण आहे पत्ता लागत नाही. अंधार पडतो तसं एकेक मजला उघडा पडत जातो, टेबलं, खुर्च्या, अजून घरी न गेलेली माणसं. दिवसा आतला बाहेर बघतो, रात्री बाहेरचा आत. मधली पाचदहा मिनिटं अशी येतात की दोन्हीकडचा उजेड सारखा होतो, आणि तेवढ्यापुरती ती काच खरोखर दोन्ही बाजूंची असते. एवढीच.

फार्न्सवर्थ यांच्या घराची काच बदलली नाही, पण पुढे नदीवरचा पूल नव्याने बांधायचा ठरला आणि त्यासाठी त्यांच्या जमिनीचा एक तुकडा सरकारने घेतला. त्या कोर्टात गेल्या, हरल्या. रस्ता जवळ आला. म्हणजे तेच घर आणखी पारदर्शक झालं. घर विकून त्या इटलीत राहायला गेल्या, आणि तिथे त्यांनी मोन्ताले या कवीच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद केले.

नवे मालक पीटर पालुम्बो यांनी ओटीची जाळी काढून टाकली आणि आत मीस यांनी आखलेलं फर्निचर ठेवलं. पुस्तकांतले बरेच फोटो त्यानंतरचे आहेत. २००३ साली घर अमेरिकेतल्या वारसा-जतन संस्थेकडे आलं. २०२० साली तिथे एक प्रदर्शन मांडलं, तेव्हा मीस यांच्या वस्तू बाजूला करून फार्न्सवर्थ जशा राहत होत्या तशी मांडणी पुन्हा उभी केली, त्यांच्या पसंतीच्या फर्निचरसारखं फर्निचर आणून. २०२१ साली घराच्या नावात 'एडिथ' आलं. त्या मांडणीचे फोटो मिळाले तर जुन्या फोटोंशेजारी ठेवून बघा, आणि त्यात कचऱ्याचा डबा कुठे आहे तेही शोधा. आम्हाला सापडला नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.